‘अदॉल्फ’ : नुसता दुबळेपणा नव्हे

मा. संपादक,
स. न. वि. वि.

बेंजामँ कॉन्स्ताँ यांच्या १८१६ साली प्रसिद्ध झालेल्या ‘अदॉल्फ’ या फ्रेंच लघुकादंबरीवरील लेख रविवारच्या पुरवणीत वाचला. लेखकाने कथानायकाला ‘दुबळा, पण स्वतःशी प्रामाणिक’ ठरवले आहे. त्यातले ‘पण’ मला मान्य नाही. (ही कॉन्स्ताँ आणि त्यांची प्रेयसी, लेखिका मादाम द स्ताल यांचीच कहाणी आहे का, हा जुना वाद मी बाजूला ठेवते.)

एका मित्राला प्रेमात यश मिळालेले पाहून आपल्यावरही कोणीतरी प्रेम करावे, एवढ्या हौसेपोटी अदॉल्फ एलेनोरच्या मागे लागतो. त्याच्याहून दहा वर्षांनी मोठ्या असलेल्या या पोलिश स्त्रीने एका काउंटच्या घरी, लग्नावाचून का होईना, निष्ठेने राहून आणि त्याच्या पडत्या काळात त्याला साथ देऊन समाजात जेमतेम मान मिळवलेला असतो. तो मान, ते घर आणि पोटची दोन मुले ती अदॉल्फसाठी सोडते, तेव्हा त्याला तिचे ओझे वाटू लागलेले असते. तरीही तो तोंड उघडत नाही. तिच्या डोळ्यांत पाणी दिसले की माघार घेतो आणि नवे आश्वासन देऊन मोकळा होतो. भीड ही भिकेची बहीण म्हणतात. येथे भीड त्याची आणि भीक मात्र तिच्या पदरी. शेवटी संबंध तोडण्याचे वचन तो देतो तेही वडिलांच्या स्नेह्याला, पत्रातून; ते पत्र तो गृहस्थ एलेनोरकडे पाठवतो आणि ती अंथरूण धरते, ती पुन्हा उठत नाही.

अदॉल्फने स्वतःच्या मनाची केलेली चिरफाड अप्रतिम आहे, हे मलाही मान्य आहे. परंतु तिला प्रामाणिकपणा म्हणावे काय, याचे उत्तर कॉन्स्ताँ यांनीच कादंबरीअखेरच्या, काल्पनिक प्रकाशकाच्या नावे लिहिलेल्या पत्रात देऊन ठेवले आहे : आपण केलेल्या अनर्थाचे वर्णन करून सहानुभूती मिळवू पाहणारा, पश्चात्ताप करण्याऐवजी स्वतःचे विश्लेषण करत बसणारा अहंकार या प्रकाशकाला तिरस्करणीय वाटतो. लेखात या पत्राचा उल्लेखही नाही.

एलेनोरच्या पत्राचाही नाही. न वाचता जाळून टाक, असे मरताना तिने बजावलेले ते पत्र अदॉल्फने वाचले, म्हणूनच तिची बाजू आपल्यापर्यंत पोहोचते. तुम्हाला जाचणारे हे बंधन तोडू न देणारी आणि जिच्यासाठी थांबता तिलाच फाडून काढणारी ही कसली विचित्र दया, असे तिने त्यात विचारले आहे.

आपली,
एक वाचक, सातारा