हे कोणासाठी लिहिले? सुभेदार साहेबांना अनावृत पत्र

आदरणीय सुभेदार साहेब,

सा. न. वि. वि.

आमच्या श्रवणमंडळाच्या गेल्या महिन्यातल्या बैठकीनंतर पंधरा-वीस जणांनी माझे अभिनंदन केले. त्यातले निम्म्याहून अधिक श्रेय आपले आहे, हे त्यांना सांगायला मी वळलो, तोवर आपण दाराजवळच्या खुर्चीवरून उठून, चपला घालून निघूनही गेला होतात. नाव घ्यायचे नाही ही आपली अट मी पाळतो आहे. पण जाहीर आभार मानायचे नाहीत अशी अट आपण घातली नव्हती, तेवढ्या फटीतून हे पत्र लिहीत आहे.

‘पाश्चात्त्य संगीतातले थोर हॉर्नवादक’ हा विषय मी फलकावर लिहिला, तेव्हा आमच्याच इमारतीतल्या एका गृहस्थांनी हे वाहतूक पोलिसांचे व्याख्यान आहे का, असे विचारले होते. (हॉर्न म्हणजे इथे पितळी नळीचे, फुंकून वाजवायचे वाद्य.) माझी स्वतःची तयारीही फार निराळी नव्हती. मोझार्टचे चार कॉन्चेर्टो (एकल वादक आणि वाद्यवृंद यांच्यासाठीच्या रचना), बीथोव्हनचा एक सोनाटा (हॉर्न आणि पियानोची रचना), रिचर्ड श्ट्राउसचे दोन कॉन्चेर्टो आणि बेंजामिन ब्रिटनची ‘सेरेनेड’ अशी संगीतकारांची यादी करून तिच्यामध्ये दोन-चार गमतीदार किस्से पेरले की दीड तास निघून जाईल, असा माझा हिशेब होता. पचमढीच्या लष्करी संगीत शाळेत शिकलेले आणि पलटणीच्या बँडमध्ये वर्षानुवर्षे हॉर्न वाजवलेले एक निवृत्त सुभेदार मागच्याच गल्लीत राहतात, असे कोणीतरी सांगितले म्हणून केवळ शिष्टाचार म्हणून मी टिपण आपल्याकडे दिले. चार दिवसांनी ते परत आले, तेव्हा प्रत्येक रचनेच्या नावापुढे लाल शाईत एकच प्रश्न होता: ‘हे कोणासाठी लिहिले?’ एका किश्शापुढे मात्र फुली होती आणि खाली लिहिले होते, ‘रविवारी सकाळी या.’

त्या रविवारी आपण अंगणातल्या नळाची हिरवी नळी काढलीत, बारा फूट मोजून कापलीत (काकू स्वयंपाकघरातून काय म्हणाल्या ते इथे लिहीत नाही), एका टोकाला रॉकेल ओतायचे जुने नरसाळे बसवलेत, दुसऱ्या टोकात रुमालातून काढलेला आपल्या हॉर्नचा माउथपीस, म्हणजे ओठ टेकवायचा भाग, घट्ट रोवलात आणि फुंकलेत. आधी षड्ज आला, मग पंचम, मग वरचा षड्ज, मग गंधार. तानपुरा नीट लागल्यावर जो स्वयंभू गंधार कानी येतो तोच हा, असे आपण सांगितलेत. पुन्हा पंचम झाला आणि त्यापुढे आपल्या कोमल निषादापेक्षाही उतरलेला एक निषाद आला. आणखी वर गेल्यावर शुद्ध आणि तीव्र यांच्या अगदी मधोमध अडकलेला एक मध्यम आला. नळी तीच होती, बोटे कुठेच लागत नव्हती, बदलत होता तो फक्त ओठांचा ताण. वर जावे तसतसे हे स्वर एकमेकांच्या इतके जवळ येतात की ओठ किंचित हलला तरी शेजारचाच स्वर लागतो, हे त्या नळीवर माझे तीन-चार प्रयत्न फसल्यावर मला पटले. वाद्यवृंदात हॉर्नचा सूर फुटला की आम्ही श्रोते एकमेकांकडे पाहून हसतो; त्या दिवसानंतर मी हसलेलो नाही.

मग आपण नरसाळ्यात पंजा घालून त्याचे तोंड अर्धवट झाकलेत आणि तो अडकलेला मध्यम अलगद खाली उतरला. ड्रेस्डेनच्या दरबारातल्या आंटोन योझेफ हाम्पेल याने अठराव्या शतकाच्या मध्यावर हीच युक्ती शिस्तीत बांधली आणि नळीच्या स्वाभाविक स्वरांमधल्या मोकळ्या जागा हाताने भरता येऊ लागल्या, हे मी पुस्तकात वाचले होते. पण वाचणे आणि तो पंजा पाहणे यांत फार अंतर आहे. बोटांनी दाबून नळीची लांबी बदलणाऱ्या, हॉर्नच्या व्हॉल्व्हचे प्रशिया या जर्मन राज्यातले पेटंट १८१८ सालचे, म्हणजे मोझार्ट आणि बीथोव्हन यांनी ज्यांच्यासाठी लिहिले त्या वादकांपाशी ओठ आणि उजवा हात एवढीच सामग्री होती.

फुली मारलेला किस्सा योझेफ लॉयटगेबचा होता. मोझार्टचा हा मित्र व्हिएन्नात चीजचे दुकान चालवी आणि फावल्या वेळात हॉर्न फुंकी, असे मी अनेक ठिकाणी वाचून मोठ्या खुशीत लिहिले होते. चीजचा व्यवसाय त्याच्या सासऱ्यांचा होता, आणि व्हिएन्नाची जुनी दप्तरे तपासणाऱ्या संशोधकांना लॉयटगेबने स्वतः दुकान चालवल्याचा पुरावा सापडलेला नाही, हे आपण मला दाखवून दिलेत. १७३२ साली जन्मलेला हा माणूस साल्झबुर्गच्या दरबारी वाद्यवृंदात होता आणि १७७० मध्ये पॅरिसच्या ‘कॉन्सेर स्पिरित्युएल’ या नामांकित मैफिलींत एकल वादक म्हणून वाजवून आला होता. फावल्या वेळातल्या दुकानदाराला तिथे कोणी उभे करत नसे. मोझार्टने २७ मे १७८३ या तारखेच्या कॉन्चेर्टोवर आपण ‘गाढव, बैल आणि मूर्ख’ लॉयटगेबची दया आल्याने हे लिहीत आहोत, असे लिहून ठेवले, ही थट्टाच पुढच्या लोकांनी खरी मानली. आपण त्यावर म्हणालात, ‘बँडमध्ये ज्याच्यावर भिस्त असते, त्यालाच असल्या शिव्या मिळतात.’

मला सर्वांत अधिक भिडली ती आपण नंतर दाखवलेली गोष्ट. क्रमांकाने पहिला समजला जाणारा डी मेजरमधला कॉन्चेर्टो प्रत्यक्षात शेवटचा आहे; १७९१ मध्ये तो लिहिताना मोझार्टने हॉर्नचे स्वर आधीच्या कॉन्चेर्टोंपेक्षा खाली ठेवले आणि अवघड वळणे टाळली, कारण लॉयटगेब तेव्हा साठीला टेकला होता. हस्तलिखितात मात्र इटालियन भाषेत ‘गाढव महाशयां’ची थट्टा अखंड चालू आहे आणि शेवटी देवाचे आभार मानून ‘पुरे, पुरे’ म्हटले आहे. शाईत शिव्या आणि स्वरांत म्हाताऱ्या ओठांची काळजी, असे ते पान आहे. ती रचना पुरी होण्याआधी मोझार्ट गेला, अंतिम भाग त्याच्या सहकाऱ्याने, झ्यूसमायरने, उभा केला, आणि लॉयटगेब पुढे १८११ पर्यंत जगला. बैठकीत मी याच कॉन्चेर्टोला सर्वाधिक वेळ दिला. तो निर्णय आपला होता हे आता सर्वांना कळू दे.

पुंतो या हॉर्नवादकाबद्दल मी एका वाक्यात लिहिले होते. बोहेमियातल्या झेहुशित्से गावी १७४६ साली जन्मलेला यान वात्स्लाव श्तिख हा काउंट थुन या सरदाराच्या वेठबिगार कुळाचा मुलगा. काउंटनेच खर्च करून त्याला प्राग, म्युनिक आणि ड्रेस्डेनला, तिथे खुद्द हाम्पेलकडे, शिकायला पाठवले. परतल्यावर काही वर्षे चाकरी करून तो विशीत मित्रांसह पळाला, तेव्हा त्याला पकडून समोरचे दात पाडावेत, म्हणजे तो पुन्हा कोणासाठी वाजवू शकणार नाही, असा हुकूम सुटला. तो सापडला नाही. जर्मनमध्ये ‘श्तिख’ म्हणजे टाका किंवा टोचणी. त्याचेच इटालियन करून तो जोव्हान्नी पुंतो झाला आणि पुढे युरोपभर गाजला. या जागी आपण आपल्या वरच्या दातांवर बोट ठेवून माउथपीस नेमका कुठे टेकतो ते दाखवलेत. काउंटला वाद्याची पुरी जाण होती, इतकेच आपण बोललात आणि चहा पुढे केलात.

बीथोव्हनने एफ मेजरमधला हॉर्न सोनाटा याच पुंतोसाठी लिहिला आणि १८ एप्रिल १८०० रोजी व्हिएन्नात स्वतः पियानोवर बसून त्याच्यासोबत वाजवला. काही दिवसांनी दोघांनी पेस्टमध्ये (आजच्या बुडापेस्टमध्ये) कार्यक्रम केला, तेव्हा तिथल्या वृत्तपत्राने हा बीथोव्हन कोण, असे विचारले होते; पुंतोला ओळखीची गरज नव्हती. आज प्रश्न नेमका उलटा विचारला जातो.

फ्रान्त्स श्ट्राउसविषयी आपण फारसे बोलला नाहीत. म्युनिकच्या दरबारी वाद्यवृंदाचा हा प्रमुख हॉर्नवादक संगीतकार वाग्नरच्या संगीताचा उघड तिटकारा करी आणि तरीही त्याच्या ‘ट्रिस्टान’ व ‘माइस्टरझिंगर’ या संगीतनाटकांच्या पहिल्या प्रयोगांत तेच संगीत चोख वाजवी. घरात रोज हॉर्न ऐकत वाढलेल्या त्याच्या मुलाने, रिचर्डने, अठराव्या वर्षी पहिला हॉर्न कॉन्चेर्टो लिहिला आणि १९४२ मध्ये, अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी, दुसरा. ‘नावडते संगीतही चोख वाजवावेच लागते’ हे आपले वाक्य मी बैठकीत माझे म्हणून खपवले, त्याची क्षमा असावी.

इंग्रज हॉर्नवादक डेनिस ब्रेनची ध्वनिमुद्रिका मात्र आपल्या घरीच निघाली. मोझार्टचे चारही कॉन्चेर्टो, फिलहार्मोनिया वाद्यवृंद, संचालक कारायान, १९५३. ती आपण लावलीत आणि डोळे मिटून बसलात. ब्रेनचे वडील ऑब्री हे बीबीसी सिम्फनीचे प्रमुख हॉर्नवादक होते, आजोबाही हॉर्नवादक, म्हणजे आपल्याकडे म्हणतात तसे ते घराणेच. ब्रिटनने १९४३ मध्ये ‘सेरेनेड’ लिहिली ती गायक पीटर पिअर्स आणि बावीस वर्षांच्या ब्रेनसाठी, आणि तिच्या आरंभी व शेवटी एकट्या हॉर्नने व्हॉल्व्ह न वापरता केवळ नळीचे स्वाभाविक स्वर वाजवायचे, असे बजावून ठेवले. आपल्या अंगणातला तो उतरलेला निषाद आणि तो अडकलेला मध्यम मला तिथे लख्ख ओळखू आले. आधी कितीतरी वेळा ऐकताना मी ती वादकाची चूक समजलो होतो. शेवटचा भाग वादकाने रंगमंचाबाहेर जाऊन वाजवायचा असतो, म्हणून बैठकीत तो लावताना आपण स्पीकर उचलून जिन्यात ठेवायला लावलात. खोलीतल्या खोकल्यांसकट सगळे थांबले, हे आपण पाहिलेच.

१३ नोव्हेंबर १९५६ रोजी लंडनच्या रॉयल फेस्टिव्हल हॉलमध्ये ब्रेनने मोझार्टच्या वडिलांची रचना बागेच्या नळीवर वाजवून दाखवली होती. अंगणातली कल्पना कुठून आली ते मला इथे उमगले. पुढच्याच वर्षी, १ सप्टेंबरच्या पहाटे, एडिंबरा महोत्सवातला कार्यक्रम संपवून स्वतः मोटार चालवत लंडनला येताना हॅटफील्डजवळ अपघातात तो गेला. वय छत्तीस. त्याच्या स्मरणार्थ फ्रेंच संगीतकार पूलँकने हॉर्न आणि पियानोसाठी एक शोकगीत लिहिले, आणि आपल्या लाल प्रश्नाचे इतके थेट उत्तर माझ्या यादीत दुसरे नव्हते.

वेळ संपत आल्याने नंतरचे वादक मी भराभर उरकले. १९४१ मध्ये शिकागो सिम्फनीच्या प्रमुख हॉर्नवादक झालेल्या हेलन कोटास आणि २००१ मध्ये बर्लिन फिलहार्मोनिकमध्ये दाखल झालेल्या तिथल्या पहिल्या महिला ब्रासवादक (पितळी फुंकवाद्य वाजवणाऱ्या) सेरा विलिस यांना मी जेमतेम दोन मिनिटे दिली, हे बरे झाले नाही. फेलिक्स क्लीझरची चित्रफीत मात्र दाखवली. हातांविना जन्मलेला हा जर्मन वादक डाव्या पायाच्या बोटांनी व्हॉल्व्ह दाबतो, आणि हाम्पेलपासून ज्या उजव्या पंज्यावर सगळे वादक विसंबले, तो पंजा नसताना ओठांनीच रंग बदलतो. ती चालू असताना मी आपल्याकडे पाहिले, तर आपण खुर्चीत ताठ बसला होतात.

मंडळाने हाच कार्यक्रम दिवाळीनंतर पुन्हा करायला सांगितले आहे आणि या वेळी त्या दोघींना पुरता वेळ द्यायचा आहे. आपला माउथपीस माझ्याकडेच राहिला आहे, त्याच निळ्या रुमालात गुंडाळून कपाटात ठेवला आहे. येत्या रविवारी तो आणि नवे टिपण घेऊन येतो. काकूंसाठी बारा फूट नवी नळीही आणतो आहे. लाल पेन काढून ठेवावे, ही विनंती.

कळावे, लोभ असावा.

आपला नम्र,
श्रवणमंडळाचा टिपणकार