केर्नेवेक भाषा दिन: पाण्याचे कॅन, मुरड घालणारे हात आणि सावकाश बोलणारी माणसं हवीत

केर्नेवेक ही इंग्लंडच्या नैर्ऋत्य टोकाच्या कॉर्नवॉलची स्वतःची भाषा. 2011च्या जनगणनेत इंग्लंड आणि वेल्समधल्या 557 जणांनी ती मुख्य भाषा म्हणून नोंदवली. थोडीफार शिकलेले याहून पुष्कळ आहेत, पण त्यांची केर्नेवेक वर्गातच राहते, बाजारात येत नाही. कॉर्नवॉलमधल्या पेन्झान्स गावचा भाषा दिन त्यांच्यासाठीच आहे: 5 मार्चच्या संत पिरान दिनानंतरचा (पिरान हे कॉर्नवॉलचे आश्रयदाते संत) शनिवार, सकाळी 10 ते 4. इथल्या मराठी मंडळींनाही आग्रहाचं बोलावणं. केर्नेवेक येत नाही म्हणून बहुतेक कामं अडत नाहीत.

आधी कॅन. मंडप 6, प्रत्येकाला पाय 4, म्हणून 20 लिटरचे 24 कॅन. फरसबंदीत खुंट्या ठोकता येत नाहीत आणि मार्चचा समुद्रवारा आत शिरून छतच उचलतो. कॅन नुसता पायाशी ठेवला तर पाय जागेवर राहतो, छत जातं. पट्टा वरच्या चौकटीला बांधून खाली कॅनपर्यंत ताणून कसावा लागतो. कॅन रिकामेच आणा, नळ तिथे आहे. पट्टे मात्र आपापले आणा.

दुसरं, पेस्टी, म्हणजे सारण भरून भाजलेली इथली मोठी करंजी. 40 मुलं ती स्वतः भरणार आहेत. ब्रेडचा मैदा 4 किलो आणि बटाटे 3 किलो लागतील. सारण कच्चंच भरतात, त्यामुळे भाजायला जवळजवळ तास जातो. घाई केली की वरून लालबुंद आणि आत बटाटा करकरीत. कड मुडपायला करंजीची मुरड येणारे हात मिळाले तर सोनंच.

फलक रंगवणाऱ्यांनी कोशातला शब्द जसाच्या तसा उचलू नये. मांजर म्हणजे ‘काथ’, पण ‘ते मांजर’ म्हणताना ‘अन गाथ’, कारण ‘अन’नंतर स्त्रीलिंगी एकवचनी नामाचं पहिलं अक्षर मऊ होतं. ही चूक वाटून कुणीतरी हमखास ‘ग’ खोडतं. ‘पेन’ (डोकं) आणि ‘पेड्न’ ही दोन्ही रूपं 2008च्या प्रमाण लेखनात चालतात, तेव्हा त्यावरूनही भांडू नये. रंगवण्याआधी मजकूर समितीला दाखवा.

खरी टंचाई बोलणाऱ्यांची आहे. अस्खलित बोलणारे एकाच टेबलाभोवती जमतात आणि नवशिके मुकाट इंग्रजीकडे वळतात. म्हणून प्रत्येक मंडपात एक जाणकार दोन-दोन तास हवा, म्हणजे दिवसभरात 18 जण. ‘दीध दा’ म्हणून नमस्कार करायचा आणि पुढचं वाक्य समोरच्याला जुळवू द्यायचं. मध्येच शब्द पुरवायचा नाही. हेच सगळ्यात अवघड.

पैसे 460 पौंड कमी पडत आहेत: सभागृहाचं भाडं 180, छपाई 160, ध्वनिक्षेपक 120. लिफाफ्यावर कशासाठी ते लिहून सभागृहाच्या दारातल्या पेटीत टाका. नाव लिहिलंत तर पावती मिळेल. शेजारच्या वहीत आपलं काम आणि वेळ नोंदवा. छपाईची रक्कम 10 फेब्रुवारीपर्यंत हवी, बाकीची आदल्या दिवशी आली तरी चालेल.

मेर रास, म्हणजे आभार.

— भाषा दिन समिती