आईच्या कॅप्सूलचं कोडं सोडवणाऱ्या बाईंना

आदरणीय बाई,

सा. न.

निवृत्तीनंतरही तुमची शिकवायची खोड गेली नाही, हे आमच्या पथ्यावर पडलं.

आईचा स्तनाचा कर्करोग हाडांत पोचल्याचं कळलं, तेव्हा लेट्रोझोलच्या जोडीला पाल्बोसिक्लिब सुरू झालं. २१ दिवस रोज एक कॅप्सूल, मग ७ दिवस बंद. बंद का, हे ओपीडीतल्या गर्दीत विचारायचं राहूनच गेलं. घरी येऊन बोलणाऱ्यांना मात्र तोटा नव्हता. कुणी नजर काढायला सांगितली, कुणी पूर्वजन्मावर गेलं. आईचं आपलं एकच, "माजा काय चुकला गो?"

तुम्ही मालवणहून आलात आणि लाइट बिलाच्या पाठीवर आमच्या खारजमिनीची उघाडी, म्हणजे बांधातलं झडपेचं दार, काढलीत. झडप धड असली तर भरतीचं पाणी शेतात शिरत नाही. पेशीत आरबी नावाचं प्रथिन असंच दार धरून बसतं. ते बाजूला झालं, की पेशी डीएनएची नक्कल करू लागते आणि विभाजनाच्या वाटेला लागते. त्याला बाजूला करतात सायक्लिन डी हे प्रथिन आणि त्याच्या जोडीचे सीडीके ४ व ६, म्हणजे पेशीतली दोन एन्झाइम्स. निरोगी पेशीत वाढीचा निरोप आला तरच. आईच्या गाठीत इस्ट्रोजेनच्या जोरावर हा निरोप थांबतच नव्हता. लेट्रोझोल इस्ट्रोजेन घटवतं, कॅप्सूल त्या दोन सीडीकेंना अडवते. "वहिनी, पेशी तुमचीच, फक्त कुणाचं ऐकेनाशी झालेली. यात पाप कसलं?" एवढं तुम्ही म्हणालात आणि आईने पहिल्यांदा चहा पुरता प्यायला.

सात दिवसांचंही तेव्हाच उमगलं. रक्तपेशी बनवणाऱ्या अस्थिमज्जेतल्या पेशींनाही वाढायला हेच सीडीके लागतात, म्हणून पांढऱ्या पेशी उतरतात. मज्जेतल्या पेशी बहुतेक मरत नाहीत, नुसत्या थांबतात. औषध सुटलं की पुन्हा कामाला लागतात. आता सीबीसीचा, म्हणजे रक्तपेशींच्या मोजणीचा, कागद आला की न्यूट्रोफिल या पांढऱ्या पेशींचा आकडा आई माझ्याआधी शोधते. चष्मा न लावता!

तिला सगळ्यात आवडली ती सी अर्चिनची गोष्ट. आपल्या खडकांवरही असतात तसले काटेरी गोळे. टिम हंट या ब्रिटिश शास्त्रज्ञांना १९८२ साली अमेरिकेतल्या वुड्स होलला सी अर्चिनच्याच अंड्यांत सायक्लिन सापडलं. प्रत्येक विभाजनाआधी साठणारं आणि मग एकाएकी नाहीसं होणारं. २००१ चं नोबेल त्यांना लेलँड हार्टवेल आणि पॉल नर्स यांच्यासोबत मिळालं. आई हे शेजारणींना सांगते, नावांची थोडी मोडतोड करून.

पुढच्या वेळी डॉक्टरांना काय विचारायचं, ते तिने वहीत लिहून ठेवलंय. जाण्याआधी एकदा नजर घालाल का? आणि कोकमाच्या आगळाच्या दोन बाटल्या काढून ठेवल्यात. "नको" म्हणू नका.

तुमची,
मागच्या बाकावरची विद्यार्थिनी