संकष्टीचा चंद्र आणि प्रवाळ : एका ताईंचे आभार

ताई,

नाव लिहू नका असं तुम्ही बजावलंत, म्हणून नुसतं ताई म्हणते. आयुष्य समुद्राजवळ काढलेल्या संशोधक बाईंनी सोलापुरातल्या अनोळखी शिक्षिकेच्या पत्राला फोन करून उत्तर द्यावं, आणि तेही सव्वा तास, हे मी भेटेल त्याला सांगत सुटले आहे. म्हटलं, एकदा नीट लिहूनच काढावं.

चूक माझी होती. प्रवाळ पौर्णिमेच्या रात्री अंडी सोडतात, असं मी आठवीच्या वर्गात ठणकावून सांगितलं. एका मार्गदर्शकात तसंच छापलं होतं. मागच्या बाकावरच्या मुलीने विचारलं, "बाई, प्रवाळाला डोळे नसतात ना? मग आज पौर्णिमा आहे हे त्याला कळतं कसं?" मला उत्तर येईना. प्रवाळाशी माझी ओळख आईच्या मंगळसूत्रातल्या पोवळ्यांपुरती. आमच्या तेलुगू घरांत काळ्या मण्यांसोबत ती ओवलेली असतात. ते पोवळं भूमध्य समुद्रातलं, प्रवाळभित्ती बांधणाऱ्यांतलं नव्हेच, हेही तुमच्याकडूनच कळलं.

मुलीच्या प्रश्नाचं उत्तर तुम्ही आधी दिलंत, माझी चूक नंतर सुधारलीत. डोळे नसले तरी प्रकाश ओळखणारी प्रथिनं प्रवाळात असतात. त्यांना क्रिप्टोक्रोम म्हणतात. २००७ मध्ये ऑस्ट्रेलियातल्या एका प्रवाळात अशाच एका जनुकाचं काम पौर्णिमेच्या रात्री वाढलेलं आढळलं. मग तुम्ही हळूच म्हणालात, "पण बाई, पौर्णिमेला नाही हं. ऑस्ट्रेलियाच्या किनाऱ्यालगतच्या प्रवाळभित्तीवर, ग्रेट बॅरिअर रीफवर, ते होतं पौर्णिमा उलटून चार ते सहा रात्रींनी." तिकडे ऑक्टोबर-नोव्हेंबरात पाणी तापू लागतं, त्या सुमाराला. आधी पाण्याची ऊब महिना ठरवते, मग चंद्र रात्र ठरवतो, आणि सूर्य मावळल्यापासून किती वेळ गेला त्यावर घटका ठरते. तीही प्रत्येक जातीची आपापली.

त्या रात्रीचं तुम्ही केलेलं वर्णन मी वर्गात जसंच्या तसं सांगितलं. प्रवाळ म्हणजे पॉलिप नावाच्या इवल्या जिवांची वसाहत. अंधार पडल्यावर प्रत्येक पॉलिपच्या तोंडाशी एक गुलाबी गोळी येऊन थांबते. राजगिऱ्याच्या दाण्याएवढी. तिच्यात अंडी आणि शुक्राणू एकत्र बांधलेले. बराच वेळ ती तिथेच दिसते, आणि मग सगळी वसाहत मिळून त्या गोळ्या सोडून देते. अंड्यांत चरबी असते, म्हणून त्या तरंगत वर जातात, पृष्ठभागावर फुटतात, आणि एका वसाहतीचे शुक्राणू दुसरीची अंडी गाठतात. स्वतःच्याच अंड्यांशी बहुतेकांचं जमत नाही. म्हणूनच तर शेजारपाजारच्या सगळ्यांनी एकाच रात्री सोडायला हवं. एक रात्र चुकली तर सगळी मेहनत माशांच्या पोटात. मुलं इतकी गप्प मी कधी पाहिली नव्हती.

पुढे त्या अंड्यांतून अळी होते, काही दिवस पोहते, गुलाबी कवचासारखं शैवाल वाढलेला खडक शोधून त्यावर बसते, आणि तिथून पहिला पॉलिप चुन्याचा सांगाडा घालायला लागतो. सगळेच प्रवाळ असं करत नाहीत, काही अळ्या अंगातच वाढवून बाहेर सोडतात, हे तुम्ही आवर्जून सांगितलंत. १९८१-८२ पर्यंत बहुतेक प्रवाळांची रीत तीच समजली जायची. मग ऑस्ट्रेलियात टाउन्सव्हिलच्या जेम्स कुक विद्यापीठातल्या तरुण संशोधकांनी रात्री पाण्यात उतरून हा सोहळा पाहिला आणि १९८४ मध्ये 'सायन्स' या नियतकालिकात मांडला. इतकी मोठी गोष्ट, आणि माझ्या जन्मानंतर कळलेली!

पण माझे खरे आभार पुढच्या वाक्यासाठी आहेत. तुम्ही विचारलंत, "तुमच्याकडे संकष्टी कोण करतं?" मी म्हटलं, निम्मा वर्ग करतो. "मग चंद्रोदयाची वाट बघणं तुम्हाला शिकवायला नको."

पौर्णिमेला सूर्य मावळतो तोवर चंद्र वर आलेला असतो, मध्ये काळोख असा पडतच नाही. नंतर रोज चंद्र साधारण पाऊण तास उशिरा येतो, आणि सूर्यास्त ते चंद्रोदय हा काळोखाचा तुकडा वाढत जातो. तैवानमधल्या संशोधकांनी २०२१ मध्ये दाखवलं की तिथला एक प्रवाळ हाच तुकडा ओळखतो. त्याला झाकून तो काळोख आधीच दिला, तर तो अंडीही आधी सोडतो. सगळ्या जातींना हीच किल्ली लागते असं समजू नका, हेही तुम्ही दोनदा बजावलंत. तरी माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला. प्रवाळाची रात्र आमच्या संकष्टीच्या आसपासची!

कोजागिरीपासून सहा दिवस मुलं चंद्रोदयाची वेळ वहीत टिपायला आपापल्या गच्चीवर गेली. खाली पॉवरलूमची खडखड, पूर्वेला बंद गिरणीची चिमणी. कोजागिरीला सूर्य मावळता मावळता चंद्र दिसला. तिसऱ्या दिवशी पाऊण तास काळोख, चौथ्या दिवशी दीड तासाच्या वर. एका मुलाने लिहिलं, "आमच्या गल्लीत नवीन दिवे लागलेत, काळोख पडलाच नाही." तुम्ही सांगितलंत की किनाऱ्यावरच्या दिव्यांनी प्रवाळाची हीच गत होते, त्याला काळोख मोजता येत नाही. ते वाक्य त्या मुलाने वहीत लाल पेनाने उतरवलं आहे.

ती प्रश्नवाली मुलगी. तिची आई विड्या वळते, आजी संकष्टी सोडत नाही. नेमकं संकष्टीला आभाळ भरून आलं. चंद्रोदयाची वेळ भिंतीवरच्या कॅलेंडरवर छापलेली होती, आजीने ती बघून नैवेद्य दाखवला आणि उपास सोडला. पोरीला ती वेळ वहीत उतरवता आली असती. तिने रकान्यात लिहिलं : "ढग. चंद्र दिसला नाही."

वह्या तुमच्याकडे पाठवल्या, त्यावर तुम्ही पुन्हा फोन केलात आणि तिला बोलावून घ्यायला सांगितलंत. माझ्या मोबाइलवर, शाळेच्या व्हरांड्यात, तुम्ही तिला म्हणालात की सगळ्या वह्यांतली ही नोंद तुम्हाला सर्वांत आवडली. फोन ठेवल्यावर ती काही बोलली नाही, नुसती वही छातीशी धरून उभी राहिली.

येत्या संकष्टीला ती परत गच्चीवर जाणार आहे. तो रकाना तिने मोकळा ठेवलाय.

तुमची,
सोलापूरची बाई