‘मघाशी माझ्याकडून चूक झाली’

माननीय निवेदक महोदय,

सप्रेम नमस्कार.

पणजीतील मिरामारच्या किनाऱ्यावर हॉक विमानांच्या कसरती पाहायला आठवीच्या चाळीस मुलांना घेऊन मी आले होते. मुले आपल्या निवेदनावरून टिपणे काढणार होती आणि खरे सांगायचे तर मला त्याचीच धास्ती वाटत होती. कारण यापूर्वी एका ठिकाणच्या निवेदनात शौर्य, अभिमान आणि रोमांच यांचा नुसता पाऊस पडला होता, पण समोरून गेलेल्या हेलिकॉप्टरचे नाव दोनदा चुकले होते.

आपणही सुरुवातीला हॉकला दोन इंजिने असल्याचे सांगितलेत आणि ते चाळीस वह्यांत उतरले. पाच-सात मिनिटांनी, विमाने वळसा घेऊन परतेपर्यंतच्या मोकळ्या वेळात, आपण म्हणालात, ‘मघाशी माझ्याकडून चूक झाली. हॉकच्या दोन्ही बाजूंना हवा आत घेणारी तोंडे आहेत, इंजिन मात्र एकच आहे. कोणी लिहून घेतले असेल तर कृपया खोडावे.’ त्यासरशी आमच्या रांगेत खोडरबरांची जी घासाघास सुरू झाली, ती आपल्या कानांवर गेली नसणार, म्हणून हे पत्र.

एका तीव्र वळणावर पंखांवर पांढरा पदर उमटला, तेव्हा शेजारचे गृहस्थ ‘ध्वनीची मर्यादा ओलांडली!’ असे जाहीर करून मोकळे झाले. पंखाच्या वरच्या अंगाला दाब उतरला की हवा एकदम थंड होते आणि तिच्यातले बाष्प क्षणभर दिसू लागते, समुद्राकाठच्या दमट हवेत तर हे सहज घडते आणि त्यासाठी ध्वनीपेक्षा वेगाने जावे लागत नाही, हे आपण दोन वाक्यांत समजावलेत. आवाज येतो तिथे न पाहता त्याच्या पुढे, आग्वाद किल्ल्याच्या बाजूला पाहा, ही सूचनाही उपयोगी पडली. सेकंदाला सुमारे ३४० मीटर चालणारा आवाज दोन किलोमीटरवरून यायला सहा सेकंद घेतो, हे गणित मुलांनी तिथल्या तिथे केले. विमाने डोक्यावर आली तेव्हा आपण गप्प राहिलात, त्याबद्दल वेगळे आभार.

पुढच्या आठवड्यात आम्ही बोगमाळोच्या वाटेवरील नौदलाच्या विमान संग्रहालयात गेलो. तिथल्या सी हॅरियर या लढाऊ विमानाला झोत बाहेर टाकणारी चार तोंडे आहेत. एका मुलीने ती मोजली, वहीत ‘इंजिने’ एवढेच लिहिले आणि पेन्सिल तशीच धरून आधी तिथल्या कर्मचाऱ्यांना विचारले. त्यांनी एक बोट वर केले, तेव्हा तिने ‘इंजिने’ खोडून ‘इंजिन’ केले.

आपली कृतज्ञ,
वास्को येथील एक शिक्षिका