जरीपटक्याच्या आठवणी रद्दीत नकोत

महोदय,

सिंगापूरच्या नान्यांग तंत्रज्ञान विद्यापीठातले चायनीज हेरिटेज सेंटर आम्ही काही ग्रंथपालांनी नुकतेच पाहिले. केंद्राची स्थापना १९९५ची, इमारत मात्र जुन्या नान्यांग विद्यापीठाची. त्या विद्यापीठासाठी सायकलरिक्षा चालवणाऱ्यांनीही वर्गणी दिली होती! तिथले वांग गुंगवू ग्रंथालय देशोदेशी स्थायिक झालेल्या चिनी लोकांचा इतिहास सांभाळते. ज्ञातिसंस्थेची एक स्मरणिका चाळली, तर पानोपानी देणगीदारांची नावे.

फाळणीनंतर नागपूरच्या जरीपटका भागात वसलेल्या सिंधी कुटुंबांकडेही अशा स्मरणिका, पत्रे, दुकानाच्या चोपड्या असतील. अरबी-सिंधी लिपी वाचणारे वडीलधारे हयात आहेत तोवर महापालिकेच्या ग्रंथालयाने त्या मागून घ्याव्यात. लिपी उलगडायला घरातलीच माणसे सोबत बसवावीत.

— एक निवृत्त ग्रंथपाल, धंतोली, नागपूर