शेवंतीच्या डाव्या खुरातला खिळा

साखळी, गोवा
20 सप्टेंबर 2025

प्रति,
मा. व्यवस्थापक,
ग्राहक तक्रार विभाग

विषय: 25 ऑगस्टच्या भेटीत घोडीच्या खुराला झालेली इजा, ती लपवली गेल्याबद्दल तक्रार आणि पैसे परत मिळण्याबाबत

महोदय,

यंदा मार्चमध्ये मी तुमची वार्षिक खूर-निगा योजना घेतली. दोन जनावरं, दर सहा आठवड्यांनी एक अशा नऊ भेटी, 36,000 रुपये आगाऊ. शेवंती ही नऊ वर्षांची काठियावाडी घोडी आणि बाळू हा वीस वर्षांचा तट्टू. आमच्या कुळागरापासून, म्हणजे पोफळीच्या बागेपासून, मोठ्या रस्त्यापर्यंत जांभ्याची खडी आहे आणि पुढं डांबर, म्हणून शेवंतीच्या पुढच्या दोन पायांना नाल ठोकावी लागते. बाळूचे खूर नुसते तासायचे.

त्याआधी सोळा वर्षं आमच्याकडे बेळगावचे एक नालबंद यायचे. चोर्ला घाट उतरून सकाळच्या बसने येत, जेवून परत जात. त्यांचे गुडघे गेले आणि त्यांनी काम सोडलं. ज्या गोव्याच्या बंदरात एके काळी अरबी घोडे उतरत आणि तिथून विजयनगरपर्यंत जात, त्या गोव्यात आज चांगला नालबंद शोधताना दमछाक होते. म्हणून तुमची जाहिरात पाहिली तेव्हा मला खरंच हायसं वाटलं होतं. 10 मार्च आणि 21 एप्रिलची भेट उत्तम झाली. 2 जूनलाही तक्रारीला जागा नव्हती. हे आधीच लिहिते, कारण मी उठसूट तक्रार करणारी बाई नाही.

पुढची भेट 14 जुलैला व्हायला हवी होती. तुमच्याकडून निरोप आला, पावसामुळे पुढं ढकलली आहे. मग पुन्हा ढकलली. मग फोन उचलणंच बंद झालं. गोव्यात पाऊस जूनपासून सप्टेंबरपर्यंत असतोच, तो काही यंदा अचानक आलेला नाही. आणि पावसातच खुराकडे जास्त बघावं लागतं. ओल्या जमिनीत खूर पाणी पिऊन मऊ पडतो, तळव्याच्या मधल्या त्रिकोणी गादीच्या खाचांत चिखल आणि शेण बसतं आणि ती गादी कुजायला लागते. बाळूचं नेमकं तेच झालं. जुलैच्या शेवटी त्याचा मागचा पाय उचलला तेव्हा तो कुजका वास नाकात गेला आणि काळा चिकट द्रव माझ्या बोटांना लागला. आम्ही रोज साफ करून, कोरड्या जागी बांधून ते आटोक्यात ठेवलं, पण सैल झालेले कुजके पदर कापून काढणं हे नालबंदाचं काम आहे. ते सहा आठवडे उशिरा झालं.

शेवंतीचं नुकसान यापेक्षा मोठं आहे. खूर महिन्याला साधारण 6 ते 10 मिलिमीटर वाढतो, पण नाल वाढत नाही. खूर पुढं वाढतो तशी नाल त्याच्याबरोबर पुढं सरकते आणि तिची मागची टोकं टाचेखालची जागा सोडून आत रुतायला लागतात. खुराचं पुढचं टोक, म्हणजे बोट, लांबतं, टाच दबते, पायाच्या मागच्या शिरेवर ताण येतो. अकराव्या आठवड्यात शेवंतीच्या डाव्या पुढच्या पायाची नाल हलायला लागली होती आणि जुन्या खिळ्यांच्या भोकांशी खुराची कड फुटून तिचे टवके निघत होते. मी तुम्हाला 16 ऑगस्टला फोटो पाठवले. उत्तर आलं नाही.

तुमचा माणूस आला 25 ऑगस्टला, गणेश चवथीच्या दोन दिवस आधी. आतापर्यंतच्या चार भेटींत तिसरा नवा माणूस. त्याला शेवंती माहीत नव्हती, शेवंतीला तो माहीत नव्हता. त्याने येताक्षणीच सांगितलं की संध्याकाळपर्यंत फोंडा आणि पेडणे धरून अजून चार ठिकाणं करायची आहेत आणि एका जनावराला अर्धा तास लावून दिला आहे. हा अर्धा तास त्याने ठरवलेला नाही, तुम्ही ठरवलेला आहे. हे वाक्य कृपया लक्षात ठेवावं, कारण पुढं जे झालं त्याचं मूळ मला तिथंच दिसतं.

त्याच्या गाडीत डाव्या पायाच्या मापाची नाल नव्हती, एक माप लहान होती. आमचे बेळगावचे नालबंद म्हणायचे, नाल खुराच्या मापाची करायची असते. इथं खूर नालेच्या मापाचा केला गेला. पुढून कानस मारमारून बोटाची भिंत पातळ केली आणि मग त्या पातळ, ओल्या, कडा फुटलेल्या भिंतीत खिळे ठोकायला घेतले. बाहेरच्या कडेला धरायला चांगलं शिंग, म्हणजे खुराचं टणक कवच, उरलंच नव्हतं, त्यामुळे खिळा आत घ्यावा लागला.

खुराच्या तळव्याला पांढुरकी रेघ असते, ती तुमच्या माणसांना मी सांगायला नको. खिळा त्या रेघेच्या बाहेर, निर्जीव शिंगात राहायला हवा. आत गेला की जिवंत मांस. आमचे नालबंद ठोकताना माझ्याशी बोलायचे नाहीत, मलाही बोलू द्यायचे नाहीत. कान हातोडीवर असायचा. टणक शिंगात खिळा शिरत असला की प्रत्येक ठोक्याला खणखणीत आवाज येतो, मऊ जागी गेला की आवाज बसतो आणि हात तिथंच थांबतो. त्या दिवशी आतल्या बाजूच्या पुढच्या खिळ्याचा तिसरा ठोका बसला तेव्हा तो आवाज बदललेला मी ऐकला. त्याच क्षणी शेवंतीने पाय हिसकून घेतला. ती कधी पाय हिसकत नाही. आमच्या वाड्यावरची सहा-सात वर्षांची मुलं तिचे पाय उचलून खूर खरवडतात. डिचोली-सत्तरीतल्या मुलांना शिगम्यातल्या घोडेमोडणी नाचातले कमरेला बांधलेले सजवलेले लाकडी घोडे ठाऊक असतात, खरा घोडा बघायला ती आमच्याकडे येतात, आणि शेवंती त्यांच्या हाताखाली तासन् तास शांत उभी राहते.

मी म्हटलं, थांबा, तिला लागलंय, तो खिळा काढा. तो म्हणाला, घोडी खोडकर आहे, नीट धरा. आणि त्याने उरलेले ठोके मारले. नाल बसली तेव्हा बाकीच्या पाच खिळ्यांची टोकं एका रेषेत बाहेर आलेली होती आणि हा एक बोटभर वर होता. त्याच्याशी रक्ताचा एक बारीक ठिपका होता. त्याने तो अंगठ्याने पुसला, टोक वळवून कानस फिरवली आणि फोटो काढला. अंगठ्याने पुसताना मी पाहिलं. हे पत्र खरं तर त्या अंगठ्यासाठी आहे.

खिळा लागू शकतो. तीस वर्षं काम केलेल्या नालबंदाच्या हातूनही लागतो, आमच्या बेळगावच्या नालबंदांकडूनही एकदा लागला होता. त्यांनी तत्क्षणी खिळा उपटला, भोकात आयोडीन ओतलं, ते भोक रिकामं ठेवलं, धनुर्वाताची लस कधी झाली ते विचारलं आणि आठ दिवस रोज पाय हाताने तपासायला सांगून गेले. शेवंतीची आई होती ती. तिसऱ्या दिवशी ती दौडत होती. खिळा लागल्याबद्दल मी कोणाला दोष देणार नाही. लागल्याचं कळूनही तो आत ठेवणं, वर जनावराला खोडकर ठरवणं, ही चूक नाही, ही फसवणूक आहे, आणि ती मुक्या जिवाची आहे.

दुसऱ्या दिवशी सकाळी शेवंती डावा पाय पुढं टाकून, त्याच्यावर भार न देता उभी होती. खूर हाताला गरम लागत होता. घोट्याच्या मागे बोट ठेवलं तर नाडी थडथड उडत होती, उजव्या पायाची शोधावी लागत होती. सकाळी आठपासून तुमच्या क्रमांकावर चार फोन केले. अकरा वाजता एका मुलीने सांगितलं की नवीन नाल बसली की दोन दिवस त्रास होतोच, वेदनाशामक द्या आणि चालतानाचा व्हिडिओ पाठवा. जनावर न पाहता, खूर न पाहता, फोनवरून वेदनाशामक. उंटावरून शेळ्या हाकण्याचा हा प्रकार घोडीच्या पायावर बेतला. मी गोळी दिली असती तर ती लंगडायची थांबली असती, आणि पू आतल्या आत वर चढत राहिला असता.

चवथीच्या दिवशी दुपारी आमचे पशुवैद्य स्वतःच्या घरचा गणपती बसवून तसेच आले. घरात गणपतीवर टांगलेल्या फळा-फुलांच्या माटोळीखाली आरती चालू होती आणि आम्ही मागे गोठ्यात पाय धरून बसलो होतो. त्यांनी चिमट्याने खूर दाबत नेला. त्या एका खिळ्याशी आल्यावर शेवंतीचं सगळं अंग थरथरलं. नाल काढली, खिळा ओढला, आणि त्याच्या मागोमाग पातळ, करडा-काळा पू आला. त्याच्या दाबाने पहिला थेंब डॉक्टरांच्या मनगटावर उडाला. दोन मिनिटांत शेवंतीने मान खाली सोडली आणि मोठा श्वास टाकला. त्या दोन दिवसांत ती कशात होती ते मला त्या श्वासाने कळलं.

त्यानंतर बारा दिवस सकाळ-संध्याकाळ कोमट पाण्यात एप्सम सॉल्ट घालून पाय शेकणं, पोटीस, त्यावर लहान मुलाचा डायपर आणि वरून चिकटपट्टी, कारण या पावसात दुसरं काही टिकत नाही. घोड्याला धनुर्वाताचा धोका फार असतो, म्हणून लस वेळेवर झालेली असूनही डॉक्टरांनी बूस्टर दिला. आज ती मऊ जमिनीवर सरळ चालते, खडीवर अजून पाय चोरते. खुराची भिंत इतकी खाल्ली गेली आहे की तिथं पुन्हा खिळा धरायला दोन-तीन महिने वाढ व्हावी लागेल. पुढच्या भिंतीला वरच्या केसांच्या रेघेपासून जमिनीपर्यंत पुरती नवी यायला नऊ महिने ते वर्ष लागतं. कानशीने काढलेलं शिंग कोणी परत चिकटवू शकत नाही.

या काळात तुम्ही काय केलं? तुमच्या नोंदीत 25 ऑगस्टखाली लिहिलं आहे: काम पूर्ण, घोडी अस्थिर, मालकाने नीट धरली नाही. पुसलेल्या खुराचा फोटो जोडला आहे. 1 सप्टेंबरला मी लेखी कळवल्यावर नऊ दिवसांनी उत्तर आलं, त्यात पुढच्या भेटीवर वीस टक्के सूट आणि खुराला लावायच्या तेलाची एक बाटली देऊ केली होती. आजार म्हशीला आणि औषध पखालीला. मला तेल नको आहे. ती नोंद खोटी आहे आणि ती मला दुरुस्त करून हवी आहे. खिळा लागला, मालकाने तेव्हाच सांगितलं, तरीही काढला नाही, असं तिथं लिहिलं गेलं पाहिजे. उद्या दुसरा नालबंद तो खूर हातात घेईल तेव्हा त्याला खरं काय झालं ते वाचायला मिळायला हवं.

पैशांचं म्हणाल तर 25 ऑगस्टच्या भेटीचे 4,000 आणि उरलेल्या पाच भेटींचे 20,000 परत करावेत. योजना मी या पत्राने बंद करत आहे. डॉक्टरांच्या चार भेटी आणि औषधं मिळून 9,740 रुपये झाले, तेही द्यावेत. एकूण 33,740. डॉक्टरांचं प्रमाणपत्र, बिलं, काढलेल्या खिळ्याचे आणि खुराचे तारखेसह फोटो आणि तुमच्या मुलीशी झालेल्या बोलण्याची नोंद सोबत जोडली आहे. तो खिळा माझ्याकडे जपून ठेवला आहे, मागाल तेव्हा दाखवीन.

त्या माणसाला कामावरून काढा असं मी म्हणत नाही. त्याचे हात वाईट नाहीत. उजव्या पायाची नाल त्याने नीट बसवली आहे, ती आजही हललेली नाही. त्याला एका जनावरामागे तास द्या, गाडीत सगळ्या मापांच्या नाल द्या, आणि खिळा लागल्याचं सांगितलं तर पगार कापला जाणार नाही असं त्याला लेखी द्या. पावसाळ्यातल्या भेटी रद्द करायच्या असतील तर पैसे घेण्याआधी ग्राहकाला तसं सांगा.

हे पत्र मिळाल्यापासून पंधरा दिवसांत नोंद दुरुस्त झाली नाही आणि रक्कम आली नाही, तर ग्राहक संरक्षण कायदा 2019 खाली सेवेतील त्रुटीची तक्रार मी उत्तर गोवा जिल्हा ग्राहक आयोगाकडे दाखल करेन. अर्ज लिहून तयार आहे.

उत्तर फोनवर नको, लेखी पाठवावं.

आपली,
शेवंती आणि बाळूची मालकीण
साखळी